लहानांसाठी चार स्टार

१ जून, रविवार. सकाळी ६.१०

काल रिटायर झालो. ट्रॉम्बेच्या बाजूला एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर. निरोप समारंभात जीएम म्हणाले, नंदकुमार नसते तर कंपनीत सगळी कामं फार लवकर झाली असती. लोक बराच वेळ हसत होते. कौतुक करायची प्रत्येकाची पद्धत असते.

आजपासून नवीन वही. एकच प्रोजेक्ट: गाडी.

कारण: जान्हवीला पाचवा महिना. एकुलती एक मुलगी, सासर अंधेरीला. तारीख वीस ऑक्टोबर. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे आमच्याकडे मुलुंडला. ती माझ्या गाडीतून माहेरी येणार, दवाखान्यात माझ्या गाडीतून जाणार, आणि बाळ जन्मात पहिल्यांदा ज्या गाडीत बसेल ती माझी असणार. बाकी काही नाही मिळालं तरी चालेल, एवढं मिळालं पाहिजे.

वेळ भरपूर आहे.

८ जून, रविवार

एसयूव्ही बाद. आमच्या बिल्डिंगच्या स्टॅक पार्किंगमध्ये उंच गाडी मावत नाही. रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डरने गाड्या एकावर एक ठेवायची लोखंडी मांडणी दिली आहे. स्वयंपाकघरात डबे ठेवतात तशी. फरक एवढाच की खालची गाडी बाहेर काढल्याशिवाय वरची उतरत नाही.

म्हणजे सेडान. सात सेडानमधून दोन उरल्या. त्यांची नावं इथे लिहीत नाही. वही कंपनीवाल्यांच्या हाती पडली तर ते प्रभाव टाकायला बघतील. एक पांढरी, एक करडी.

दोघींना क्रॅश टेस्टमध्ये मोठ्यांसाठी पाच स्टार. लहानांसाठी पांढरीला चार, करडीला पाच. म्हणजे करडी. पण करडी बाजूने खांबावर आदळते त्या व्हिडिओत मागच्या बाहुलीची मान जरा जास्त हलते असं वाटलं. पुन्हा बघावं लागेल.

११ जून

बाहुलीचा व्हिडिओ चाळीस वेळा बघितला. मान हलते. किंवा मोबाइल हलतो.

माधुरी (बायको) म्हणाली, रोज संध्याकाळी त्या बिचाऱ्या बाहुल्यांना कशाला आपटताय. तिला सायन्सची आवड पहिल्यापासून नाही.

१५ जून, रविवार

दोन्ही शोरूम. बॉनेटवर बसून बघितलं. पत्रा ठोकून बघितला. दरवाजे आपटून आवाज मोबाइलवर रेकॉर्ड केले, प्रत्येकी सात. पांढरीचा आवाज ‘धप्प’. करडीचा ‘ढब्’. ‘ढब्’मध्ये वजन आहे, पण ‘धप्प’मध्ये आत्मविश्वास आहे.

पांढरीच्या शोरूममधली श्वेता नावाची सेल्सगर्ल हुशार वाटली. मात्र तिने मधेच विचारलं, काका, चालवणार कोण? मी म्हटलं, मी. लायसन्स अठ्ठ्याण्णवचं आहे. तिने विचारलं, शेवटची गाडी कधी चालवलीत? मी म्हटलं, अठ्ठ्याण्णव.

ती हे नोंदवून घ्यायला लागली तेव्हा मी तिला समजावलं, की चालवणारा हा मुद्दा माझ्या तक्त्यात मुद्दाम घेतलेला नाही. दोन्ही गाड्यांत तो सारखाच आहे, त्यामुळे तुलनेत काहीच फरक पडत नाही. तिने पेन खाली ठेवलं. पटलं असावं.

१६ जून

माधुरीला डोळे मिटायला सांगून चौदा दरवाजे ऐकवले. तिला नवव्यानंतर झोप लागली. नवव्या दरवाज्याची नोंद वेगळी केली आहे.

२९ जून, रविवार

सोसायटीची मीटिंग. पार्किंगच्या चिठ्ठीत मला खालची जागा आली होती, लवू मेस्त्रीला वरची. लवू म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचा, बेस्टमधून रिटायर झालेला ड्रायव्हर. अठ्ठावीस वर्षं बस चालवली, आरेच्या जंगलातून वगैरे. त्याची गाडी जुनी, निळी, हॅचबॅक. एअरबॅग शून्य. त्या मॉडेलची क्रॅश टेस्टच झालेली नाही. कोणाला धीर झाला नसावा.

मी त्याच्याशी अदलाबदल करून घेतली. वरची जागा कितीतरी सेफ: पाणी शिरत नाही, मांजर बसत नाही, वरच्या गाडीचं ऑइल टपावर गळत नाही. लवू लगेच हो म्हणाला. त्याला फसवल्यासारखं वाटून मला जरा वाईट वाटलं.

त्याच मीटिंगमध्ये दोन ठराव मांडले. एक: लवू गाडीची किल्ली वॉचमनकडे ठेवतो, ती सवय धोक्याची, बंद करावी. दोन: मांडणीसमोरच्या पिवळ्या रेषेच्या आत काहीही आलं की मशीन जागच्या जागी थांबेल असा सेन्सर बसवावा, आणि परत चालू करायची चावी फक्त सेक्रेटरीकडे असावी. लवू म्हणाला, अरे नंदू, वरची गाडी तुझी, किल्ली खाली असली तर तुझाच फायदो ना. त्याला तत्त्व कळलं नाही. दोन्ही ठराव मंजूर. लोकांना जेवायला जायचं होतं.

१२ जुलै

परवा जान्हवीची सोनोग्राफी होती, अंधेरीला. तिने विचारलं, बाबा, गाडी आली का? मी म्हटलं, अंतिम टप्प्यात आहे. तोपर्यंत रिक्षात बसायचं नाही, ॲपवाली टॅक्सी नको, यज्ञेशच्या बाइकवर तर अजिबात नाही. (यज्ञेश म्हणजे जावई. आयटीत आहे. नक्की काय करतो ते मी विचारलेलं नाही आणि तो सांगतही नाही.) तिने विचारलं, मग जाऊ कशी? मी म्हटलं, तारीख पुढे ढकल.

ती रिक्षाने गेली. मला आज कळलं. डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे. रिक्षावाल्याचं नशीब.

२ ऑगस्ट

एक्सेलमध्ये आता चौसष्ट ओळी. पांढरी एकतीस, करडी एकतीस. दोन ओळी बरोबरीत.

१७ ऑगस्ट, रविवार

आज जान्हवीचं डोहाळजेवण होऊन ती माहेरी आली. टॅक्सीने. मी ड्रायव्हरला फोन करून सांगितलं की तीसच्या वर जायचं नाही, आणि दर दहा मिनिटांनी फोन करून खात्री करून घेतली. शेवटी त्याने फोन यज्ञेशकडे दिला. यज्ञेश म्हणाला, बाबा, तो गाडी चालवताना तुम्ही फोन करताय. मुद्दा लक्षात घेतला. पुढच्या वेळी यज्ञेशलाच करीन.

पहिलं उद्दिष्ट (माझ्या गाडीतून माहेरी) हुकलं. उरली दोन. खरं महत्त्व त्या दोन्हींनाच होतं.

२७ ऑगस्ट

घरी दीड दिवसाचा गणपती. आरतीला लवू आला होता. जान्हवीला म्हणाला, पुढच्या बुधवारी चेकअप आहे ना, मी त्या बाजूलाच जातोय.

बघतोय, गेल्या बुधवारीही लवूला त्या बाजूला काम निघालं होतं. योगायोग. बसून बसून कंटाळला असेल म्हातारा. (माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा.)

४ सप्टेंबर

गाड्यांचा जीएसटी बावीस तारखेपासून कमी होणार, पेपरात आलं आहे. माधुरीला सांगितलं की मी यासाठीच थांबलो होतो. थांबलो नव्हतो, पण थांबलो असतो तर बरोबर ठरलो असतो, म्हणजे बरोबरच होतो.

८ सप्टेंबर, सोमवार

निर्णय झाला. करडी. लहानांसाठी पाच स्टार, विषय संपला. पैसे घेऊन निघालो तर माधुरी म्हणाली, आजपासून पितृपक्ष आहे.

मी विज्ञानवादी माणूस आहे. पण सेफ्टीत जोखीम शून्य ठेवायची असते. परत आलो, चपला काढल्या.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. करडीच्या शोरूममध्ये गेलो. आठ आठवड्यांचं वेटिंग. जून महिन्यात लगेच मिळत होती, असं तिथला माणूस म्हणाला. त्याची म्हणण्याची पद्धत मला आवडली नाही. ग्राहकाशी असं बोलणारी कंपनी ब्रेक काय लावणार.

पांढरी दसऱ्याला मिळते. बुक केली. तसं पाहिलं तर माझा कल पहिल्यापासून पांढरीकडेच होता. लहानांसाठी चार स्टार आहेत. उरलेला एक मी भरून काढीन, असं घरी सांगितलं. जान्हवी आईकडे बघून हसली. खूप दिवसांनी हसली.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गाडी आली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. शोरूमपासून सोसायटीपर्यंत श्वेताने तिचा माणूस दिला होता, त्याने चालवली. मी बाजूला बसून सूचना दिल्या.

मांडणीवर चढवायला लवू आला. एका दमात चढवली. मग कौतुकाने वर बघत म्हणाला, झकास हा. पण खाली कधी येतली?

संध्याकाळी जान्हवीला खाली नेऊन गाडी दाखवली. वर मान करून बघावी लागते. तिने पोटावर हात ठेवून बघितली. म्हणाली, छान आहे, बाबा. मग म्हणाली, चक्कर मारायची? लवू गावदेवीला गेला होता, त्याची गाडी खाली. म्हटलं, उद्या.

६ ऑक्टोबर

मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये चार दिवसांचा रिफ्रेशर केला. मास्तर शेवटी म्हणाला, काका, तुम्ही रस्त्यापेक्षा आरसे जास्त बघता. मागून येणारा धोका जास्त असतो हे त्याला माहीत नाही.

चौदा दिवस बाकी. सगळं वेळेत.

८ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळी ७.४०

घटनेचा वृत्तांत. कंपनीच्या फॉरमॅटमध्ये लिहितो, म्हणजे भावनेच्या भरात काही सुटणार नाही.

११.०५: जान्हवीला कळा. पाणी गेलं. पाण्याचा रंग हिरवट आहे असं माधुरी म्हणाली. नोंद केली.

११.१२: सगळे खाली. माझी गाडी वर. लवूची गाडी खाली. किल्ली लवूच्या खिशात. लवू मासे आणायला बाजारात. फोन उचलत नाही.

११.१५: माधुरी रिक्षा बघायला गेटकडे निघाली. थांबवलं. रिक्षाला दरवाजा नसतो. जान्हवीला वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची दिली.

११.३१: लवू आला. पिशवी तिथेच टाकून म्हणाला, चेडवाक (म्हणजे मुलीला) बसय, पाच मिनटात पोचयतंय. मी शांतपणे समजावलं की त्याच्या गाडीला एकही एअरबॅग नाही. त्याने फक्त गाडी बाहेर काढायची, माझी चार मिनिटांत उतरते. जान्हवी म्हणाली, बाबा, काकांच्या गाडीतून जाऊ द्या. मी तिला मोबाइलवर त्या श्रेणीतल्या गाड्यांच्या क्रॅश टेस्टचा एक व्हिडिओ दाखवला. तिने बघितला नाही.

११.३६: मशीन चालू. पांढरी उतरायला लागली.

११.३८: अर्ध्यात थांबली. सेन्सरने आपलं काम चोख केलं. पिवळ्या रेषेच्या आत जान्हवीची दवाखान्याची पिशवी होती. पिशवी तिथे कोणी ठेवली हा मुद्दा गौण आहे. माझ्या हातात होती.

११.३९: रीसेटची चावी आणायला सेक्रेटरीकडे. लिफ्टची वाट न बघता पाच मजले चढलो, हे कोणी लक्षात घेत नाही.

११.४६: चावी घेऊन परत. खुर्ची रिकामी. खुर्ची ओली होती. वॉचमन म्हणाला, मेस्त्री साहेब घेऊन गेले.

१२.१०: गाडी सुस्थितीत खाली.

१२.५५: दवाखान्यात हजर. वाटेत वेग वीस. एकदाही ओव्हरटेक केलं नाही.

मुलगी झाली. १२.२४ ला, सिझर करून. रडली नाही. पोटात शी केली होती, ती छातीत गेली. काचेच्या पेटीत ठेवली आहे, नळ्या लावून. डॉक्टरबाई म्हणाल्या, अर्धा तास आधी आणलं असतं तर ही वेळ आली नसती. बाई चांगल्या आहेत, पण वाहनांच्या क्षेत्रातल्या नाहीत.

निष्कर्ष: मानवी चूक. (पिशवी.)

१० ऑक्टोबर

वृत्तांताची टाइप केलेली प्रत यज्ञेशला दिली. म्हटलं, गैरसमज नको. त्याने दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून पूर्ण वाचली. मग विचारलं, म्हणजे हे सगळं चाललेलं असताना तुम्ही घड्याळात बघत होतात? मी म्हटलं, हो, वेळ नोंदवणं हा पहिला नियम. त्याने कागदाची चार वेळा घडी केली आणि माझ्या शर्टाच्या खिशात परत ठेवली. नीट ठेवली. तेवढा संस्कारी आहे.

जान्हवी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. मी म्हटलं, बेटा, गाडी खाली उभी आहे. झोपलीच होती. पण मी बाहेर पडल्यावर आईशी बोलताना आवाज आला.

नातीला लांबून बघितलं. मूठ माझ्या अंगठ्याएवढी. मी काचेला हात टेकवला. नर्सने काढायला सांगितलं. छातीत काहीतरी झालं, खाली येऊन बाकावर बसावं लागलं. ॲसिडिटी असावी. चहा रिकाम्या पोटी घ्यायचा नाही, संकल्प.

१२ ऑक्टोबर, रविवार

नळ्या काढल्या. रडते आता. मोठ्याने रडते, माधुरीने फोनवर ऐकवलं. मीही रडलो. हे इथेच राहू दे.

उद्या डिस्चार्ज. तिसरं उद्दिष्ट शाबूत आहे. लवूच्या हातापाया पडून गाडी आजच खाली उतरवून घेतली. किल्ली माझ्या हातात न देता बॉनेटवर ठेवून गेला. सकाळी मागच्या सीटवर आईचं जुनं मऊ लुगडं अंथरणार. हार घ्यायचा, पण छोटा, बाळाला वासाचा त्रास नको. एसी दहा मिनिटं आधी लावून ठेवायचा. वेग वीस. शक्य झालं तर अठरा.

१३ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी ३

दहा वाजता दवाखान्याच्या दारात गाडी लावली. मागचा दरवाजा उघडून उभा राहिलो. माझ्या मागे लवूची निळी गाडी उभी होती. वाटलं, मदतीला आला असेल.

बाहेर आल्यावर माधुरीने सांगितलं की जान्हवी मुलुंडला येत नाही, अंधेरीला सासरी जातेय. पहिलं बाळंतपण, सव्वा महिना तरी माहेरीच राहतात, मी म्हटलं. माधुरी म्हणाली, मी जातेय तिच्याबरोबर, तुमचा डबा फ्रीजमध्ये आहे, दोन दिवस पुरेल.

जान्हवी बाळाला घेऊन आली. दुपट्यात फक्त नाक दिसत होतं. मी दरवाजा आणखी उघडला, जेवढा उघडतो तेवढा. ती माझ्या समोरून चालत गेली आणि निळ्या गाडीत बसली. लवूने खाली उतरून तिच्या पाठीशी उशी लावली. काहीतरी म्हणाला, ती हसली.

मी यज्ञेशला सांगितलं की त्या गाडीला एअरबॅग नाहीत. म्हटलं, निदान बाळाला तरी इकडे दे. तो म्हणाला, बाबा, तुम्ही सामान घ्या.

सामान: दोन पिशव्या, थर्मास, उशी, गादी, पाण्याचा कॅन, शेजारच्या खोलीतल्यांनी दिलेले तीन फुगे. सगळं मागच्या सीटवर ठेवलं, लुगड्यावर. गाडी चालू केली तर बीप वाजायला लागलं. पिशवीच्या वजनाने गाडीला वाटलं माणूस बसलाय. उतरून पिशवीला सीटबेल्ट लावला, मग थांबलं.

निळी गाडी पहिल्या सिग्नललाच दिसेनाशी झाली. मी वीसच्या वर गेलो नाही. मागे रिकामं असलं तरी शिस्त ती शिस्त. वाटेत हॉर्न पुष्कळ वाजले.

अंधेरीला त्यांच्या गेटवर पोहोचायला दोन तास दहा मिनिटं लागली. वॉचमन म्हणाला, सामान इथेच ठेवा, वरून निरोप आहे. मी म्हटलं, मी बाळाचा आजोबा. तो म्हणाला, हो, तेच सांगितलंय त्यांनी. एकेक वस्तू उतरवली. काहीही सांडलं नव्हतं, काहीही सरकलं नव्हतं. एक फुगासुद्धा फुटला नाही. सामान अतिशय सुरक्षित पोहोचलं.

कोणी वरून हाक मारेल म्हणून खिडक्या मोजत पंधरा मिनिटं थांबलो. सातवा मजला, डावीकडून तिसरी. मग वॉचमन म्हणाला, साहेब, इथे नो पार्किंग आहे, आणि ते खरंच होतं, म्हणून निघालो.